बस्ता, सूट आणि साडीची उलटी बाजू

त्र्यंबकेश्वरच्या बाजारात कापडाला तोटा नाही. नारायण-नागबळीला बसणाऱ्या यजमानाचं पांढरं धोतर, उपरणं, सोवळं, सगळं देवळाच्या आसपासच मिळतं. पण घरात लग्न ठरलं की या दुकानांकडे कोणी वळत नाही. गाडी ठरते आणि ३० किलोमीटरवरचं नाशिक गाठलं जातं. नवरीला पैठणीच हवी असेल, तर त्याच्याही पुढे निफाड-विंचूर मार्गे ८५ किलोमीटर जाऊन येवला.

याला आपल्याकडे ‘बस्ता बांधणं’ म्हणतात, आणि त्यात कापडखरेदी निम्मीच असते. दोन्हीकडची माणसं पहिल्यांदाच एका गादीवर बसतात. नवरीचा शालू वराकडचे घेतात, नवरदेवाचे कपडे वधूकडचे, पिवळी अष्टपुत्री बहुतेक घरांत मामाची. उरलेला डोंगर मानपानाचा: आत्या, मावश्या, काकू, करवल्या, व्याह्यांचे टॉवेल-टोपी, कटपीस. कोणाची साडी कोणाहून हलकी निघाली हे पुढची पंधरा वर्षं लक्षात राहतं. शेवटी गाठोड्याला हळदकुंकू लागतं. या खर्चात मुलीचा बाप कसा पिळला जातो, यावर २०२१मध्ये ‘बस्ता’ नावाचा चित्रपटच आला. त्यातली नायिका सायली संजीव हिचाच ‘गोष्ट एका पैठणीची’ हा चित्रपट राष्ट्रीय पुरस्कार घेऊन गेला. साडी हा विषय मराठी घरात किती खोल गेलाय, हे यावरूनही कळावं.

नाशकात मेन रोड, कापडपेठ, दहीपूल हा पट्टा बस्त्याचा. इथली खरी सूट मानपानाच्या साड्यांवर मिळते, कारण त्या एकगठ्ठा जातात. तीस-चाळीस साड्यांचं गिऱ्हाईक दुकानदार सहसा सोडत नाही. चहा येतो, मग सरबत येतं, आणि ‘मावशी, तुम्हीच शेवटचं सांगा’ म्हणत तो हळूहळू खाली उतरतो. शालूवर मात्र तो फारसा उतरत नाही. नवरीचा जीव एका रंगात अडकलाय हे त्याने ओळखलेलं असतं. म्हणून जाणत्या बायका आधी शालू पसंत करून बाजूला ठेवतात, मानपानाचा ढीग काढतात आणि मग सगळ्याचा मिळून एकच भाव करतात. ही युक्ती पाटीवरच्या ‘५० टक्के सूट’पेक्षा जास्त पैसे वाचवते. अशा पाटीच्या मागे मूळ किंमत कधी वाढवून ठेवली, हे कोण तपासणार? तसा २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा फसव्या सवलतीच्या जाहिरातीला अनुचित व्यापार प्रथा म्हणतो.

सूट मिळते ती महिन्यावरही. आषाढी एकादशीला चातुर्मास लागतो, तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त थांबतात आणि दुकानांत जुना माल निघतो. पितृपक्षात तर गादी रिकामीच. ज्यांचं लग्न मार्गशीर्षात आहे त्यांनी शालू श्रावणात घेतला तर भाव करायला उसंत मिळते. दिवाळी उलटल्यावर दुकानदाराला तुमची गरज राहत नाही. अधिक महिन्यात लग्नं नसतात, पण तिथे फसू नका. धोंड्याच्या महिन्यात जावयाचं वाण असतं, त्यामुळे कापडबाजार ओस पडत नाही. २०२६चा अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून, म्हणजे ऐन लग्नसराईत.

त्र्यंबककरांपुढे आणखी एक पेच असतो, तो सिंहस्थाचा. गुरू सिंह राशीत असताना गोदावरी आणि भागीरथी यांच्यामधल्या प्रदेशात विवाह वर्ज्य, असं धर्मशास्त्रात सांगितलेलं आहे, आणि गोदावरी तर इथेच, ब्रह्मगिरीवर उगम पावते. आगामी सिंहस्थाचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६चं. काही घरं त्याआधी उरकायची घाई करतात, काही काढीव मुहूर्त शोधतात. घाईत घेतलेला शालू स्वस्तात मिळत नाही, एवढं मात्र पंचांग न बघताही सांगता येईल.

आता येवला. इथल्या हातमागाच्या घरांत एकदा बसून बघावं. मागाखाली खड्डा, त्यात पाय सोडून बसलेला विणकर, समोर रंगीत रेशमाच्या बारीक तिल्ल्या. पदरावरचा मोर, मुनिया, असावली यांतला प्रत्येक रंग आपापल्या तिल्लीने हाताने भरला जातो आणि शेजारच्या रंगात अडकवला जातो. कडियल पैठणीत काठ आणि अंग यांसाठी तीन धोटे चालतात, एकधोटीत एकच. साध्या पैठणीला काही आठवडे लागतात, भरगच्च पदराला कित्येक महिने. या कामाला २०१०मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ‘होम मिनिस्टर’ या टीव्ही कार्यक्रमाने २००४पासून पैठणी घराघरांत पोचवली ती वेगळीच.

मागणी वाढली तशी यंत्रमागावरची ‘सेमी पैठणी’ही आली. सेमीला माझा विरोध नाही. करवल्यांना, मानपानाला ती छान. भांडण आहे ते सेमी घेऊन हातमागाचे पैसे मोजण्याशी, आणि ‘२० हजारांची १२ हजारांत’ हा सौदा बऱ्याचदा तिथेच फसतो. उपाय सोपा आहे: साडी उलटी करा. हातमागाच्या पैठणीचा काठ आणि पदर दोन्ही बाजूंनी जवळपास सारखाच दिसतो. यंत्राच्या साडीत मागच्या बाजूला एका नक्षीपासून दुसरीपर्यंत धागे लोंबतात. ते कापलेले असतात किंवा अस्तराखाली झाकलेले. दुकानदार परवानगी देत असेल तर पदराच्या टोकाचा एक धागा जाळून बघा. रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरते; पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो.

खुणांमध्येही गफलत होते. २००४पासूनचा सिल्क मार्क सांगतो की धागा अस्सल रेशमाचा आहे. साडी हातमागावर विणली की यंत्रावर, हे तो सांगत नाही. त्यासाठी २००६चा हँडलूम मार्क पाहावा लागतो. नुसती रेशमाची खूण दाखवून हातमागाचा भाव मागितला तर न लाजता विचारा.

सोबत कोणाला न्यावं? आई हवी, कारण घरचं अंदाजपत्रक तिलाच माहीत. घासाघीस करणारी एक आत्या हवी. मैत्रीण एकच न्या. चार मैत्रिणी म्हणजे चार रंग आणि संध्याकाळपर्यंत रिकामे हात. त्या एका मैत्रिणीचा उपयोग असा की शालू आणि पैठणीनंतर नवरीला स्वागतसमारंभासाठी घागरा हवा असतो, आणि एका संध्याकाळसाठी तो विकत घेण्यापेक्षा भाड्याने घे, हे आईने सांगून पटत नाही. मैत्रिणीने सांगितलं की पटतं.

शेवटचं काम बिलाचं. पक्कं बिल घ्या आणि त्यावर ‘हातमाग’, ‘शुद्ध रेशीम’ हे शब्द दुकानदाराच्याच हाताने लिहून घ्या. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हे बिलावर छापलं म्हणजे दुकानदार सुटत नाही. माल सदोष निघाला तर बिलावरच्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर ३० दिवसांत, तो परत न घेणं ही कायद्याने अनुचित व्यापार प्रथा आहे. म्हणून घरी आल्यावर साडी लग्नाच्या दिवसापर्यंत कपाटात ठेवू नका. त्याच आठवड्यात उजेडात पूर्ण उलगडून बघा. दुकानदार दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.