भिंत, कागद आणि कारागीर

घराच्या भिंतीला छापील कागद लावण्याची पद्धत आपल्याकडे जुनी नव्हे. आपल्या भिंतींना सवय होती ती मातीच्या सारवणाची, गेरूची आणि चुन्याची. दसरा-दिवाळीच्या सुमारास सफेदीचा हात फिरला की वर्षभराचे डाग झाकले जात, आणि पुढील वर्षी पुन्हा तोच क्रम चाले. एखाद्या श्रीमंताला भिंत सजवावयाची झाली, तर तो चिताऱ्यास बोलावी. वाईजवळ मेणवली येथे नाना फडणिसांच्या वाड्यात अशी भित्तिचित्रे पहावयास मिळतात. या जुन्या पद्धतीत एक शहाणपण होते. चुन्याचा थर भिंतीतील ओल अडवून धरीत नाही. ती हळूहळू बाहेर पडते. कागदाचे, विशेषतः ज्याच्या दर्शनी बाजूस व्हिनाइलचा थर चढविलेला असतो अशा कागदाचे, तसे नाही. तो भिंतीचे तोंड बंद करतो. आत जे असेल ते आतच राहते, आणि बाहेरून सारे सुंदर दिसते.

हा दोष युरोपने फार पूर्वी अनुभवला आहे. इंग्लंडमध्ये अठराव्या शतकाच्या आरंभीच भिंतीच्या कागदाचा प्रसार इतका झाला होता, की १७१२ साली छापील कागदावर कर बसविण्यात आला. तो उठला १८३६ साली. मधल्या काळात साधा कागद भिंतीला चिकटवून त्यावर हाताने नक्षी उठविण्याची युक्ती लोकांनी काढली. करदात्याची बुद्धी सर्व देशांत सारखीच चालते! पुढे यंत्रावर लांबच लांब कागद निघू लागला, तो स्वस्त झाला आणि मध्यमवर्गाच्या घरांत शिरला. त्या काळी लोकप्रिय असलेल्या एका हिरव्या रंगात सोमल असे. ओलसर खोल्यांत राहणारी माणसे आजारी पडत आणि कारण कळत नसे. १८९० च्या दशकात बार्तोलोमेओ गोसिओ या इटालियन शास्त्रज्ञाने दाखवून दिले, की ओल्या भिंतीवर वाढणाऱ्या काही बुरशी अशा रंगापासून विषारी वायू निर्माण करू शकतात. आज कागदांत सोमल नसतो. पण ओल आहे, बुरशी आहे, आणि त्या भिंतीशेजारी खाट टाकून निजणारी, दम्याने त्रस्त झालेली माणसेही आहेत.

यास्तव घरी कागद लावण्यासाठी कारागीर बोलवावयाचा, तो केवळ त्याच्या हाताच्या सफाईसाठी नव्हे. कागद नीट कापणे आणि सरळ चिकटविणे ही त्याच्या कामाची दुसरी पायरी. पहिली पायरी म्हणजे भिंत पाहून तिच्यावर कागद टिकेल की नाही, हे सांगणे. व्यवहारात नेमकी हीच पायरी गळते, आणि ती का गळते याचे उत्तर मजुरीच्या रीतीत आहे.

समजा, ठाण्याच्या एखाद्या वसाहतीत एका निवृत्त गृहस्थांना मुलीच्या लग्नापूर्वी दिवाणखान्याची एक भिंत सजवावयाची आहे. ते दुकानात जातात, नमुन्यांची जाड पुस्तके चाळतात, एक नक्षी पसंत करतात. दुकानदार सांगतो, "माणूस आमचा येईल, रोलमागे मजुरी." माणूस येतो. भिंतीच्या खालच्या अंगाला हात लावताच त्याला गारवा जाणवतो. कोपऱ्यात रंगाचे पोपडे आणि लोण्याची पांढरी भुकटी दिसते. पलीकडे शेजाऱ्यांचे न्हाणीघर आहे, हेही त्याच्या ध्यानात येते. आता त्याने जर म्हटले, "काका, आधी ही ओल काढा, मग कागदाचं बघू," तर त्या दिवसाची त्याची मजुरी बुडाली. जाण्यायेण्याचा खर्चही अंगावर आला. उलट, मुकाट्याने कागद चिकटविला, तर संध्याकाळी पैसे हातात पडतात. भिंत फसेल ती पुढच्या पावसाळ्यात. गरीब माणसाने सत्य बोलावे आणि त्याची किंमतही त्यानेच भरावी, ही अपेक्षा न्याय्य नाही.

उपाय साधा आहे. भिंत पाहण्याची मजुरी वेगळी द्यावी, आणि कागद लागो अथवा न लागो, ती मिळेल हे आधीच सांगावे. ही रक्कम कागदाच्या किमतीच्या मानाने क्षुल्लक असते. भिंत घासणे, भेगांत लांबी भरणे, अस्तराचा हात देणे या कामाचाही दर निराळा ठरवावा. सर्वच काम रोलमागे ठरविले, की घाईलाच बक्षीस मिळते. घासकागद पिशवीतून बाहेर निघत नाही.

ओलीची परीक्षा घरच्या माणसालाही करता येते. दोन फूट लांब-रुंद प्लास्टिकचा पारदर्शक तुकडा भिंतीवर चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट बसवावा आणि एक-दोन दिवस तसाच राहू द्यावा. तुकड्याच्या आतल्या बाजूस, म्हणजे भिंतीकडे, पाण्याचे थेंब जमले, तर ओल भिंतीतून येत आहे. थेंब बाहेरच्या बाजूस आले, तर खोलीची हवाच दमट आहे. ही परीक्षा पावसाळ्यात किंवा तो संपताच घ्यावी. वैशाखात मुंबईची कोणतीही भिंत सज्जन दिसते. नागपूर किंवा दिल्लीसारख्या ठिकाणी हवा कोरडी, तेव्हा तेथे भय नाही असे वाटेल. परंतु उन्हाळ्यात पाण्याचे कूलर दिवसरात्र चालतात आणि त्यांचा ओला झोत ज्या भिंतीवर येतो, तेथे कागदाचे सांधे उचलण्याची भीती असते. कूलरसमोरची भिंत कागदासाठी निवडू नये, हे उत्तम.

ओल सापडली, तर ती कोणी काढावयाची हा प्रश्न उभा राहतो. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे, बाहेरच्या भिंतींतून येणाऱ्या पावसाच्या गळतीची दुरुस्ती संस्थेने करावयाची असते, तर सभासदाच्या संडास, मोरी यांसारख्या अंतर्गत गळतीचा खर्च त्या सभासदाने सोसावयाचा असतो. अर्ज, स्मरणपत्र, पाहणी असा हा मार्ग थोडा लांबचा आहे. पण भिंतीवर कागद चिकटवून तो टाळता येत नाही. उलट, गळतीची खूणच झाकली जाते.

भिंत कोरडी ठरली, की मोजमाप. हे कारागिराकडून करवून घ्यावे आणि मगच कागद विकत घ्यावा. प्रचारातील रोल साधारणपणे ५३ सेंटिमीटर रुंद आणि १०.०५ मीटर लांब असतो. त्याचे क्षेत्रफळ ५७ चौरस फुटांच्या आसपास भरते, आणि येथेच हिशेब चुकतो. बारा फूट रुंद व नऊ फूट उंच भिंत १०८ चौरस फुटांची; म्हणजे दोन रोल पुरे, असे कोणासही वाटेल. पण कागद चौरस फुटांनी लागत नाही, उभ्या पट्ट्यांनी लागतो. या भिंतीला सात पट्ट्या लागतात. कापण्यासाठी वरखाली मिळून दहा सेंटिमीटर जादा धरले, तर एका रोलमधून पूर्ण पट्ट्या निघतात तीन. म्हणजे रोल हवेत तीन. भिंत साडेदहा फूट उंच असेल आणि नक्षी दर ६४ सेंटिमीटरनी पुन्हा येणारी असेल, तर शेजारच्या पट्टीशी फूल फुलाला जुळविण्यात इतका कागद वाया जातो, की एका रोलमधून दोनच पट्ट्या मिळतात आणि चार रोल लागतात. क्षेत्रफळाचा हिशेब तेथे तीनच रोल सांगेल. जो कारागीर नक्षीची आवृत्ती न विचारता आकडा सांगतो, त्याला अजून पुष्कळ शिकावयाचे आहे. सर्व रोलांवर छपाईच्या खेपेचा क्रमांक एकच आहे, हेही उघडण्यापूर्वी पहावे. रंगछटेतला फरक दुकानात दिसत नाही. भिंतीवर शेजारी शेजारी आला की लपत नाही.

कामाच्या दिवशी जाणत्या कारागिराची ओळख त्याच्या पहिल्या हत्याराने पटते. ते हत्यार म्हणजे ओळंबा. घराचा कोपरा किंवा दाराची चौकट सरळ असेल यावर तो विश्वास ठेवीत नाही, आणि ते योग्यच आहे. तो ओळंबा सोडून भिंतीवर पेन्सिलीने फिकट रेघ मारतो आणि पहिली पट्टी त्या रेघेला लावतो. पहिली पट्टी चुटकीभर कलली, तर सातवीपर्यंत तो कल सर्वांच्या नजरेत भरतो. कोपऱ्यावरून सबंध पट्टी वळविण्याच्या मोहातही तो पडत नाही. थोडासा भाग पलीकडे नेतो, तेथे कापतो आणि दुसऱ्या भिंतीवर नव्याने ओळंबा सोडतो. चारही भिंतींना कागद लावावयाचा असेल, तर शेवटच्या सांध्याशी नक्षी बहुधा कोठेतरी तुटते. ती दाराच्या मागे तुटावी की आरामखुर्चीसमोर, हे त्याने आरंभीच ठरविलेले असते.

खळीचेही शास्त्र आहे. पूर्वी पुस्तक बांधणारे पिठाची खळ शिजवीत आणि कसर लागू नये म्हणून तीत मोरचूद घालीत. आता खळीची तयार भुकटी मिळते. ती पाण्यात कालवून ठेवावयाची असते. साध्या कागदाला खळ पाठीवर लावतात, तो स्वतःवर अलगद दुमडतात आणि काही मिनिटे तसाच ठेवतात. कारण ओला होताच कागद फुगतो. हे फुगणे भिंतीवर गेल्यावर झाले, तर बुडबुडे आणि सुरकुत्या येतात. न विणलेल्या धाग्यांच्या पाठीचा जो नवा कागद निघाला आहे तो फुगत नाही. त्यासाठी खळ भिंतीलाच लावतात. पुढे केव्हातरी काढावयाचा झाला, तर तो बहुतेक वेळा कोरडाच सोलून निघतो. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी, अर्थात घरमालकाच्या लेखी संमतीने, हाच निवडावा. अनामत रक्कम परत मिळविताना त्याचा उपयोग होईल.

विजेच्या बटणांपाशी कागद कापताना मुख्य बटण बंद केलेच पाहिजे. ओली खळ, धातूचे पाते आणि विजेची तार यांची गाठ पडता कामा नये. यजमानानेही त्या दिवशी थोडा संयम पाळावा. "दादा, वाळत नाहीये, पंखा लावू का?" हा प्रश्न घरोघर विचारला जातो. पंखा लावला की कडा आधी वाळून आखडतात आणि सांधे उघडतात. खिडक्या बंद, पंखा बंद, आणि रात्रभर खोलीत कोणी नाही, हेच बरे. उकाडा सोसणारा माणूस मात्र त्या बंद खोलीत शिडीवर दिवसभर उभा असतो, याची आठवण ठेवून त्याला पाणी, चहा आणि जेवणाची सुट्टी द्यावी.

पैशांचा व्यवहार कागदावर असावा. पाहणीचे किती, भिंत तयार करण्याचे किती, रोलमागे किती, विसार किती दिला आणि सांधे उचलले तर किती दिवसांत येऊन दुरुस्त करावयाचे, इतके चार ओळींत लिहून दोघांनी सही केली, की पुरे. बाकी रक्कम दुसऱ्या दिवशी, कागद वाळल्यावर आणि खिडकीच्या तिरप्या उजेडात सांधे पाहिल्यावर द्यावी. पण मग ती त्याच दिवशी द्यावी, चार हेलपाटे घालावयास लावू नये. उरलेले तुकडे फेकू नयेत. वेष्टनावरील क्रमांकासह ते गुंडाळून कपाटावर आडवे ठेवावेत. खुर्चीची पाठ घासून भिंतीला ओरखडा पडेल, तेव्हा तोच कारागीर त्यातला एक तुकडा घेऊन नक्षी जुळवील आणि ठिगळ कोठे आहे ते घरच्यांनाही शोधावे लागेल.