भोंग्यांतून आलेली हळुवार हाक

चीनच्या श्यामेन शहरासमोर समुद्रात किनमेन नावाचं बेट आहे. आहे चीनच्या किनाऱ्याला लागून, पण ताबा तैवानचा. तिथे सैन्याने १९६७ मध्ये काँक्रीटची उंच भिंत बांधली आणि तिच्यात ४८ भोंगे बसवले. पलीकडच्या शत्रूच्या कानी प्रचार पडावा, एवढाच हेतू. पुढे त्या भोंग्यांतून घोषणांच्या जोडीने एका तरुणीची प्रेमगीतंही जाऊ लागली. आणि तिचं गाणं तर कुणी कानाशी येऊन बोलावं तसं! इतका मृदू आवाज युद्धाच्या कामी यावा, याचं मला अजून नवल वाटतं.

ती डेंग लिजुन. जग तिला तेरेसा तेंग म्हणून ओळखतं. जन्म १९५३चा, तैवानमधला. चीनच्या यादवी युद्धात हरून मुख्य भूमीवरून आलेल्या सैनिकांपैकी एक तिचे वडील. लहानपणीच तिने गायनस्पर्धा जिंकली, शाळा अर्ध्यावर सोडली आणि १९६७ मध्ये, चौदाव्या वर्षी, पहिला अल्बम काढला.

तिच्या आवाजाची जादू कळायला तेव्हाचा चीन कानांसमोर आणावा लागतो. सांस्कृतिक क्रांतीच्या दहा वर्षांत, १९६६ ते १९७६, लोकांनी ऐकली ती समूहगीतं आणि क्रांतिनाट्यं. टिपेचा सूर, छाती पुढे काढून गायलेले शब्द, सगळं ‘आम्ही’च्या वतीने. लिजुनला मायक्रोफोनचं मर्म उमगलं होतं. जे काम पूर्वी गळ्याने करायचं, ते यंत्रावर सोपवलं की गळा मोकळा होतो. मग श्वासाचा स्पर्श ऐकू येतो, शब्दाच्या शेवटी सूर अलगद विरतो आणि गाणारी व्यक्ती फक्त आपल्याशी बोलते आहे असं वाटू लागतं. ज्यांनी वर्षानुवर्षं ‘मी’ हा शब्द गाण्यात ऐकला नव्हता, त्यांच्यावर याचा काय परिणाम झाला असेल!

१९७८ नंतर चीनची दारं किलकिली झाली आणि हाँगकाँगमार्गे टेपरेकॉर्डर आणि कॅसेटी आत येऊ लागल्या. एका कॅसेटवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी. प्रत्येक नकलेत खरखर वाढायची, बारकावे पुसट व्हायचे, तरी लोक ऐकत राहिले. सरकारने या गाण्यांना पतनशील ठरवलं, १९८३च्या ‘आत्मिक प्रदूषण’विरोधी मोहिमेत त्यांच्यावर गदा आली. लोक मात्र म्हणत, दिवसा थोरल्या डेंगचं ऐकायचं, रात्री धाकट्या डेंगचं. थोरले म्हणजे देशाचे सर्वोच्च नेते डेंग शियाओपिंग.

त्याच १९८३ मध्ये तिने एक विलक्षण अल्बम केला. सोंग राजवटीच्या आसपासच्या जुन्या कवितांना नव्या चाली देऊन तो बांधला होता. त्यात सू शी या कवीने १०७६ मध्ये, शरदाच्या पौर्णिमेला, दूर असलेल्या भावाच्या आठवणीत लिहिलेली कविता आहे. तैवानच्या सामुद्रधुनीच्या दोन्ही तीरांवर ताटातूट झालेली कुटुंबं राहत असताना ती ऐकणाऱ्यांना नऊशे वर्षं जुनी वाटली नसणार. माझ्या मते तिची सर्वांत मोठी कामगिरी हीच.

जपाननेही तिला डोक्यावर घेतलं. तिथला केबल संगीतसेवेचा सर्वोच्च पुरस्कार तिने १९८४, १९८५ आणि १९८६ असा सलग तीनदा मिळवला, तोही जपानी गाण्यांसाठी. मँडरिन, कँटोनीज, होक्कियन, इंडोनेशियन, इंग्रजी, सगळ्यांत ती गायली. फक्त मुख्य भूमीवर तिचा एकही कार्यक्रम झाला नाही. २७ मे १९८९ रोजी, बीजिंगच्या तिआनमेन चौकात लोकशाहीसाठी आंदोलन करणाऱ्या विद्यार्थ्यांना पाठिंबा म्हणून हाँगकाँगच्या हॅपी व्हॅली रेसकोर्सवर भरलेल्या प्रचंड मैफलीत ती गायली. पुढच्याच आठवड्यात बीजिंगमध्ये रणगाडे शिरले. १९९१ मध्ये तिने किनमेनवरून पलीकडच्या श्रोत्यांशी थेट संवाद साधला.

८ मे १९९५ रोजी थायलंडमधल्या चिआंग माई इथे दम्याच्या झटक्याने ती गेली. वय अवघं ४२. पुढच्याच वर्षी हाँगकाँगचे दिग्दर्शक पीटर चॅन यांचा एक चित्रपट आला. चीनमधून हाँगकाँगला पोट भरायला आलेली दोन माणसं तिच्या गाण्यांच्या साथीने जवळ येतात, दुरावतात आणि अखेर न्यूयॉर्कमध्ये टीव्हीवर तिच्या निधनाची बातमी बघताना पुन्हा समोरासमोर येतात. चित्रपटाचं चिनी नाव ‘त्येन मी मी’, म्हणजे तिच्याच १९७९च्या गाण्याचं नाव. त्या गाण्याची चालही समुद्र ओलांडूनच आली होती, इंडोनेशियातल्या एका लोकगीतातून.