आत कोण आहे?

शिरवळला आमच्या परसात जुनी दगडी भिंत आहे. वैशाखात नीरेकडून येणारा वाराही भाजून काढतो. अशा दिवसांत त्या भिंतीच्या सांदीत आठ-दहा गोगलगायी चिकटून बसलेल्या असत. शिंगे नाहीत, पाय नाही. नुसता शंख आणि त्याच्या तोंडावर कागदासारखा पांढुरका पापुद्रा. मी तेव्हा सात-आठ वर्षांचा. आत कोणी आहे का, हे बघायला एका दुपारी पाच-सहांचे पापुद्रे काडीने टोकरून काढले.

मृगाचा पाऊस पडला. न छेडलेल्या गोगलगायी संध्याकाळपर्यंत भिंतीवर हिंडू लागल्या. मी उघड्या पाडलेल्यांपैकी दोनच हलल्या. बाकीचे शंख हातात घेतले तर अगदी हलके लागले. आजी एवढेच म्हणाली, "अरे, घरात माणूस असताना दार मोडलंस की रे!"

त्या दाराचे मोल मला पुष्कळ वर्षांनी कळले. गोगलगायीच्या अंगात बहुतेक पाणीच, आणि चालायचे तेही स्वतःचा चिकट स्राव सांडत. कोरड्या हवेत हा खर्च परवडत नाही. मग ती आडोसा धरते, अंग शंखात ओढून घेते आणि तोच स्राव तोंडावर वाळू देते. आत हृदयाचे ठोके मंदावतात, प्राणवायू अगदी थोडा पुरतो. शरीरातील टाकाऊ द्रव्यही ती घट्ट करून आतच साठवते, म्हणजे त्यापायी पाणी जायला नको. हीच तिची ग्रीष्मनिद्रा. दार मोडले तर नवे करता येते. पण ते करायला शिलकीतलेच पाणी लागते. भर उन्हाळ्यात मी त्या शिलकीलाच हात घातला होता.

ही शिल्लक किती पुरावी? १८४६ च्या मार्चमध्ये लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये इजिप्तच्या वाळवंटातला एक शंख रिकामा समजून पाटीवर चिकटवला गेला. १८५० च्या मार्चमध्ये त्याच्याजवळ डाग दिसला. कोमट पाण्यात ठेवताच गोगलगाय बाहेर आली आणि पुढे सुमारे दोन वर्षे जगली!

अर्थात, हे कौतुक शेतकऱ्यापुढे जपून करावे. १८४७ मध्ये बेन्सन नावाच्या इंग्रजाने मॉरिशसहून कलकत्त्याला आणलेली मोठी आफ्रिकन गोगलगाय आता महाराष्ट्राच्या शिवारांतही आहे. तीही अशीच झोपते आणि पावसाबरोबर, म्हणजे नेमकी पेरणीच्या वेळी, भुकेली उठते. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड भागात तिने सोयाबीनची कोवळी रोपे फस्त केली. सरकारला भरपाई जाहीर करावी लागली. तेथे ओली पोती टाकून, सकाळी त्यांखाली जमलेल्या गोगलगायी वेचाव्या लागतात.

आमच्या भिंतीतल्या लहानखुऱ्या, निराळ्या. सुट्टीत आलेल्या नातीने तेथे काडी उचललीच. "आजोबा, आत कोण आहे?" काडी काढून घेतली आणि म्हटले, "पाऊस येऊ दे, मग कळवतो."

पहिल्या सरीच्या दिवशी तिचाच फोन आला, "उठल्या का?" छत्री घेऊन परसात गेलो. सात उठल्या होत्या. बाकीच्या चारांचे दार अजून बंद होते.