धरण आणि सांडवा

'धर' या धातूपासून 'धरण' आणि 'सांड' या धातूपासून 'सांडवा' हे शब्द सिद्ध झाले आहेत. मातीच्या धरणाचे सारे कार्य या दोन क्रियांत सामावलेले आहे.

सोयगावजवळ वेताळवाडी किल्ल्याच्या परिसरात असे एक लहान धरण आहे. अजिंठ्याच्या डोंगरांतून उतरणारे पावसाचे पाणी तेथे अडविले जाते. किल्ला पाहावयास येणाऱ्यांना भरलेल्या जलाशयाची शोभा मोहविते. पूरनियंत्रणाच्या दृष्टीने मात्र महत्त्व असते ते जलाशयातील रिकाम्या जागेला. लहान धरणांच्या सांडव्याला बहुधा दारे नसतात. त्याच्या माथ्यापर्यंत जलाशय भरला, की पुढील पूर केवळ काही काळ थोपविला जातो आणि त्याचा जोर मंदावून तो सांडव्यावाटे नदीत जातो.

सांडवा अपुरा पडला अथवा धरणाचा माथा खचला, तर पाणी भरावावरून वाहू लागते. दगडी बांधकाम असा प्रवाह काही काळ सोसू शकते. माती मात्र खरवडली जाऊन खिंडार झपाट्याने रुंदावते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे अपूर्ण धरण असेच माथा खचून फुटले व पुणे शहरात महापूर आला. धोका आतील झिरप्यातूनही उद्भवतो. २ जुलै २०१९ रोजी चिपळूण तालुक्यातील तिवरे येथील मातीचे धरण फुटून वीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्या धरणाला गळती असल्याची तक्रार ग्रामस्थांनी आधीच केली होती.

म्हणूनच पावसाळ्यापूर्वी भरावाची पाहणी करणे आणि सांडव्यातील झुडुपे व गाळ काढणे अगत्याचे ठरते.