‘अपघाती गेले’ याच्या पुढे

आमच्या घरात पणजोबांविषयी एकच वाक्य ऐकायला मिळतं: ‘मुंबईला गिरणीत होते, अपघाती गेले.’ बेळगाव, कोकण, गोव्याकडच्या अनेक घरांत असं एखादं वाक्य असेल. त्याच्या पुढची माहिती शोधायची तर ‘कोरोनर’ हा शब्द ठाऊक हवा.

कोरोनर म्हणजे संशयास्पद मृत्यूची चौकशी करणारा अधिकारी. इंग्लंडात हे पद ११९४ पासून आहे. मुंबई शहरात ते १८७१ च्या कायद्याखाली चाललं आणि १९९९ मध्ये रद्द झालं. अपघात, खून, आत्महत्या, कारण न कळलेला अचानक मृत्यू किंवा तुरुंगातला मृत्यू असला की कोरोनर ज्यूरी बसवून साक्षी घेई. डॉक्टरच नव्हे, तर सोबत काम करणारे, खोलीतले सोबती, शेजारीही बोलत. ज्यांनी स्वतः कधी काही लिहिलं नाही अशा माणसांचं बोलणं इथे कागदावर येतं.

शोधाची सुरुवात तारखेपासून करा. मृत्यूचा दाखला नसेल तर श्राद्धाची तिथी विचारा. साल माहीत असेल तर जुन्या पंचांगावरून इंग्रजी तारीख निघते. ख्रिस्ती कुटुंब असेल तर चर्चची दफन-नोंदवही पाहा. मग त्या तारखेनंतरच्या आठवड्या-दोन आठवड्यांची मुंबईची वर्तमानपत्रं चाळा. मूळ कागद गहाळ झाला तरी चौकशीची बातमी सापडू शकते. १८९१ च्या राजाबाई टॉवर प्रकरणासारख्या चौकशा तर सविस्तर छापून आल्या. इंग्रजी पत्रांत आपली आडनावं कशीही लिहिलेली असतात, तेव्हा चार-पाच स्पेलिंगं करून बघा. पुढचा टप्पा म्हणजे मुंबईचं राज्य पुराभिलेखागार. ते फोर्टमध्ये, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे.

मृत्यू गावी झाला असेल तर मात्र कोरोनर शोधत बसू नका. तिथे पोलीस पाटील, पोलीस आणि पंच यांचं काम असे. म्हणजे ‘अकस्मात मृत्यू’ची नोंद आणि पंचनामा शोधायचा. जुना कागद मोडीत असू शकतो. वाचणारा आधीच गाठून ठेवा.

एक गोष्ट मात्र सांभाळा. ज्यूरीचा निकाल आणि साक्षी वेगवेगळ्या वाचा. ‘पाय घसरून विहिरीत पडली’ असं पंचांनी लिहिलं, तरी शेजारणीच्या जबाबात सासरच्या छळाचा उल्लेख असू शकतो. उलट, घरात कुजबुजली जाणारी आत्महत्या कागदावर साधा अपघातही निघेल. दोन्ही वेळा घरातल्या कुणाला तरी त्रास होणारच. म्हणून कागद मागवण्याआधी आजी-आजोबांजवळ बसा, त्यांना काय ठाऊक आहे ते ऐका, आणि सापडलं तर सांगू का, हेही तेव्हाच विचारा.