दंडघेर कुठे मोजायचा?

भात आणि नागली घरात आली की पेठ तालुक्यातले पाडे रिकामे होऊ लागतात. सावळ घाट चढून टोळ्या दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत जातात, काही नाशिकच्या बांधकामांवर. कडेवरचं पोर अर्थातच सोबत. बालआरोग्याच्या संशोधनाने तीस-पस्तीस वर्षांत काय मिळवलं, हे या पोराच्या बाजूने पाहायला हवं.

१९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत बालकं दगावली आणि सरकार हादरलं. १९९५ मध्ये नवसंजीवन योजना आली: भरारी पथकं, पाडा स्वयंसेवक, दाई बैठका, पावसाळ्यापूर्वी धान्याचा साठा. संकट पावसाळ्यात आणि पाड्यावरच येतं, असं त्यामागे गृहीत होतं. पुरात वाट तुटणाऱ्या मुलखात ते खरंही होतं.

खरी कलाटणी मात्र गडचिरोलीतून मिळाली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने आधी न्यूमोनिया हाती घेतला. अक्षरओळख नसलेल्या दाईने बाळाचे श्वास मोजायचे कसे? त्यांनी मण्यांचं साधन बनवलं. जोडीला एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. दोन महिन्यांखालच्या बाळाचे मिनिटाला साठ, त्यावरच्याचे पन्नास श्वास भरले की धोका. मला या सगळ्या इतिहासात हे मणी सर्वात मोलाचे वाटतात, कारण इथे निदान दवाखान्यातून झोपडीत आलं. पुढे ३९ गावांत आरोग्यदूतांनी घरी जाऊन नवजात बाळं सांभाळली. तुलनेच्या गावांपेक्षा तिथले नवजातमृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये हे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, आणि २०११ पासून देशभरातल्या आशाताई ४२ दिवसांपर्यंत बाळाच्या घरी ठरलेल्या भेटी देतात.

शास्त्र असं घरापर्यंत पोचलं. पण पेठमध्ये घरच हलतं.

सहा महिन्यांच्या पुढच्या बाळाचा दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर ते तीव्र कुपोषित. त्याच्यासाठी गावात ग्राम बाल विकास केंद्र, प्रकृती बिघडली तर बाल उपचार केंद्र. तिथे आईला बुडीत मजुरी देण्याची तरतूदही आहे, आणि ती ज्याला सुचली त्याला मजुराचं घर कळलं होतं. पण अंगणवाडीचं रजिस्टर पाड्याचं, बाळ बागेतल्या पालावर. तिथल्या सेविकेच्या यादीत ते नाही, इथल्या यादीत ते 'स्थलांतरित'. महिला व बालविकास खात्याने स्थलांतराच्या नोंदीसाठी मोबाईलवरची प्रणाली आणली आहे. मात्र बाळ कुठे गेलं हे कळणं आणि तिथे त्याच्या तोंडात घास पडणं, यात मुकादम, उचल आणि दिवसभर छाटणीत अडकलेली आई उभी असते.

म्हणून पुढचं संशोधन पाड्यावर थांबून भागणार नाही. दिवाळीआधी पेठला प्रत्येक बाळाचा दंडघेर घ्यावा, मग बागेवर, मग होळीला टोळी परतल्यावर पुन्हा. काही बागांवर पाळणाघर आणि दोन वेळचं ताजं जेवण द्यावं, काहींवर आज आहे तीच व्यवस्था ठेवावी. पट्टी तीच, सेविका तीच. मोजमापासाठी वाढेल तो फक्त प्रवासखर्च. पाळणाघराचा खर्च मात्र बागायतदाराकडून वसूल करावा, असं माझं मत आहे.