घराणं सोडलं की गाणं खोटं?

रॅप करणारा गोरा गायक मशीन गन केली २०२० मध्ये पॉप-पंककडे वळला, रॅपमधूनच आलेल्या पोस्ट मलोनने २०२४ मध्ये कंट्रीचा अल्बम काढला. लगेच प्रश्न आला: आधीचं खरं की आताचं?

आम्हा गोव्यातल्या आमोणेकरांना हा वाद नवा नाही. शास्त्रीय गायिका किशोरी आमोणकर घ्या. (आमोणकर हे त्यांचं सासरचं आडनाव, पण आमच्या गावाला अभिमान वाटायला तेवढं पुरतं!) आईकडूनही त्या गोव्याच्याच. आई मोगूबाई कुर्डीकर म्हणजे कुर्डीच्या, जयपूर-अत्रौली घराण्याच्या अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या. किशोरीताईंना या घराण्याची तालीम आईकडूनच मिळाली. शिवाय भेंडीबाजार घराण्याच्या अंजनीबाई मालपेकरांकडेही त्या शिकल्या.

१९६४ मध्ये त्या व्ही. शांतारामांच्या ‘गीत गाया पत्थरों ने’ या सिनेमासाठी गायल्या. आईला ते रुचलं नाही, आणि ताईही सिनेमापासून दूर झाल्या. पण १९९० मध्ये गोविंद निहलानींच्या ‘दृष्टी’ला संगीत दिलं ते त्यांनीच. खरा गदारोळ मात्र ख्यालावरून झाला. जयपूरची गायकी मध्यलयीची, पेचदार तानांची. ताईंनी तिच्यात संथ, भावनेत भिजलेली आलापी आणली. घराणं बिघडवलं, असं जाणकार म्हणाले. माझ्या मते बिघडवलं नाही, वाढवलं. ज्याने आधी तालीम पचवली, त्यानेच ती ओलांडावी. नुसती बाजारपेठ बघून उडी मारणाऱ्याला ही सवलत नाही.

ताईंचं भूप रागातलं ‘सहेला रे’ आणि ‘म्हारो प्रणाम’ हे भजन लागोपाठ ऐका. कोणतं जास्त ‘खरं’ वाटलं, कमेंटमध्ये नक्की लिहा.